पाटी कोणी लिहिली? संग्रहालयांविषयी वाचकांचे प्रश्न

संग्रहालयांत माणसांचे समाज कसे मांडले जातात, या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन या सदरातून गेल्या महिन्यात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या ना त्या वाटेने एकाच ठिकाणी येऊन थांबत होती: काचेमागे उभ्या केलेल्या माणसाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा? त्यांतील पाच पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून, नावे गाळून घेतली आहेत. उत्तर देणाऱ्याची बरीच वर्षे संग्रहालयांच्या पाट्या लिहिण्यात आणि नंतर त्या खोडण्यात गेली आहेत, हे वाचकांनी आधीच ध्यानात घेतलेले बरे.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. गेल्या खेपेस नातवाला घेऊन न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात गेलो. डायनासोर, हत्ती, देवमासा असे सगळे पाहून झाल्यावर त्याला शाळेत शिकवलेले ‘इंडियन’ लोक पाहायचे होते, तर त्यांची मोठी दालने बंद. पंधरा वर्षांपूर्वी मी ती पाहिली होती आणि त्यांत मला काही गैर वाटले नव्हते. एवढे काय बिघडले?
(एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : आपण पाहिलेल्या गोष्टींचा क्रम सांगितलात, त्यातच निम्मे उत्तर आले आहे. डायनासोर, हत्ती, देवमासा आणि मग माणसे. १८६९ साली स्थापन झालेले हे संग्रहालय सेंट्रल पार्कच्या पश्चिम कडेला आहे आणि बागेच्या पूर्व कडेला मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय आहे. ग्रीक मूर्ती, रोमन शिल्पे आणि युरोपातील चित्रे पूर्वेकडच्या इमारतीत गेली. अमेरिकेचे मूळ रहिवासी, आफ्रिकेतले, आशियातले आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक पश्चिमेकडे, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या शेजारी आले. मेट्रोपॉलिटनमध्येही आफ्रिकेची आणि भारताची शिल्पे आहेत, हे खरे. पण उलट दिशेची वाहतूक झाली नाही. नैसर्गिक इतिहासाच्या इमारतीत आशियाई लोकांचे दालन आहे, त्यात आपणही आहोत, मात्र युरोपीय लोकांचे दालन तेथे नाही. कोणाची गणना इतिहासात आणि कोणाची निसर्गात, हे इमारतीनेच सांगून टाकले होते; त्यासाठी वेगळी पाटी लिहावी लागली नाही.

याच संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्झ बोआस हे मानवशास्त्रज्ञ काम करत होते. वस्तू कशा मांडाव्यात यावर १८८७ साली त्यांचा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ओटिस मेसन यांच्याशी जाहीर वाद झाला होता. जगभरची धनुष्ये एका कपाटात, जगभरची वाद्ये दुसऱ्या कपाटात, साध्याकडून गुंतागुंतीकडे, म्हणजे पर्यायाने ‘मागासां’कडून ‘पुढारलेल्यां’कडे, अशी मांडणी तेव्हा रूढ होती. बोआस यांचे म्हणणे असे की, एखादे वाद्य समजून घ्यायचे तर ते ज्या समाजात वाजते त्या समाजाच्या इतर वस्तूंबरोबर, त्याच्या विधींबरोबर ते पाहिले पाहिजे. त्या काळात हा विचार फार पुढचा होता, आणि १८९९ साली त्यांनी उभारलेले उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मूळ समाजांचे दालन त्याच विचारावर उभे राहिले.

पण विचार पुढचा असला तरी माणसाचे वागणे त्याच्याबरोबर चालतेच असे नाही. १८९७ साली ध्रुवप्रदेशाचा प्रवासी रॉबर्ट पिअरी याने ग्रीनलंडहून सहा इनुइट माणसे न्यूयॉर्कला आणली आणि त्यांना या संग्रहालयात ठेवण्यात आले. काही महिन्यांत त्यांपैकी चौघे आजाराने मरण पावले. त्यांतल्या किसुक नावाच्या माणसाचा सात-आठ वर्षांचा मुलगा मिनिक मागे राहिला. मुलाचे समाधान व्हावे म्हणून संग्रहालयाच्या आवारात एक खोटा दफनविधी करण्यात आला, ज्यात कातड्यात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका पुरला होता. वडिलांचा सांगाडा प्रत्यक्षात संग्रहात जमा झाला होता. मोठेपणी मिनिकला हे कळले, त्याने अस्थी मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत, आणि १९१८ साली तो इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. त्या चौघांच्या अस्थी ग्रीनलंडला कानाक येथे पोहोचल्या १९९३ साली. बोआस यांना या दफनाच्या बनावाची माहिती होती आणि त्यांनी त्याचे समर्थन केले होते. मी हे त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. वंशभेदाच्या ‘शास्त्रा’विरुद्ध आयुष्यभर लढलेल्या माणसालाही समोरच्या मुलाचा बाप हा ‘नमुना’ वाटू शकला, एवढी त्या इमारतीची सवय घट्ट होती.

आता दालने बंद होण्याकडे येतो. मूळ अमेरिकी समाजांच्या अस्थी, कबरींतील वस्तू आणि पवित्र वस्तू त्या त्या समाजाला परत करण्याचा कायदा अमेरिकेत १९९० साली झाला. कायद्यात एक फट होती. एखाद्या अस्थी कोणत्या समाजाच्या हे ‘ओळखता येत नाही’ असे संग्रहालयाने नोंदवले की त्या वर्षानुवर्षे गोदामात पडून राहू शकत. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम लागू झाले. त्यांनी ही फट बुजवलीच, शिवाय अशा वस्तू प्रदर्शनात ठेवण्यापूर्वी किंवा त्यांवर संशोधन करण्यापूर्वी संबंधित समाजाची संमती बंधनकारक केली. त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस आपण सांगता ती दोन मोठी दालने, म्हणजे पूर्वेकडील अरण्यप्रदेशाचे आणि मैदानी प्रदेशाचे, बंद झाली. अमेरिकेतील इतरही काही संग्रहालयांनी आपल्या काचपेट्या झाकल्या. तेव्हा दालने अचानक बिघडली नाहीत. तेहतीस वर्षे टाळलेला प्रश्न विचारणे भाग पडले. सद्बुद्धीपेक्षा कायद्याचा धाक येथे अधिक उपयोगी पडला, असे माझे मत आहे.

आपल्याला ‘काही गैर वाटले नव्हते’, याविषयी संकोच नको. गैर वाटू नये अशीच ती मांडणी असते. याच इमारतीत १९३९ साली तयार केलेला एक देखावा आहे. डच वसाहतीचा प्रमुख पीटर स्टायव्हेसंट आणि लेनापे या मूळ अमेरिकी समाजाचे लोक यांची भेट त्यात दाखवली आहे. डच मंडळी भरजरी पोशाखात, लेनापे पुरुष कमरेपुरत्या वस्त्रात, आणि मागे लेनापे स्त्रिया ओझी वाहत, माना खाली घालून चाललेल्या. नाव एकट्या स्टायव्हेसंटचे. लाखो शाळकरी मुलांनी तो पाहिला. २०१८ साली संग्रहालयाने देखावा काढून न टाकता त्याच्या काचेवरच मोठी अक्षरे चिकटवली: वाटाघाटींना आलेले लेनापे प्रतिनिधी असे अर्धनग्न आले नसते, त्यांच्या समाजात स्त्रियांना नेतृत्वाचे स्थान होते, त्या ओझ्याच्या जनावरांसारख्या वावरत नव्हत्या, आणि ज्यांच्याशी बोलणी झाली त्यांना नाव का नाही? जुनी चूक आणि तिची दुरुस्ती एकाच काचेवर वाचता येते, म्हणून मला हा उपाय आवडतो. चूक गुपचूप काढून टाकली असती तर आपल्या नातवाला ती कधी कळलीच नसती.

दारातला थिओडोर रूझवेल्ट यांचा १९४० सालचा अश्वारूढ पुतळा मात्र जानेवारी २०२२ मध्ये हलवण्यात आला. रूझवेल्ट घोड्यावर, आणि दोन बाजूंना पायी चालणारे एक मूळ अमेरिकी आणि एक आफ्रिकी पुरुष, अशी ती रचना होती. त्यावर काचही नव्हती आणि चिकटवायला जागाही नव्हती.

पुढच्या खेपेस नातवाला वायव्य किनाऱ्याच्या दालनात न्या. बोआस यांचे ते दालन नव्याने मांडून मे २०२२ मध्ये पुन्हा उघडले आहे आणि त्या किनाऱ्यावरच्या समाजांतील जाणकारांबरोबर त्याची मांडणी झाली आहे. सहअभिरक्षक (को-क्युरेटर) हायूप्स हे नू-चा-नुल्थ समाजाचे आहेत. गंमत अशी की, या वस्तू खरे तर आमच्या घरी परत यायला हव्यात, असे ते दालन उघडण्याच्या सुमारासही मोकळेपणाने सांगत होते. ज्याने दालन मांडले त्यालाच ते दालन तेथे असण्याविषयी शंका आहे, आणि ती त्याने लपवली नाही. एवढी प्रामाणिक मांडणी मला माझ्या कारकिर्दीत एकदाही साधली नाही.

प्रश्न : ‘वंश’ हा शब्द संग्रहालयाच्या फलकावर वापरावा की नाही?
(एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वंश ही कल्पना लोकांच्या मनात कशी रुजली आणि तिचे परिणाम काय झाले, हे सांगायचे असेल तर जरूर वापरावा. ‘हे लोक अमुक वंशाचे आहेत’ अशा वाक्यात वापरू नये. रिचर्ड ल्युऑन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवून दिले की, माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. आपल्याकडे ब्रिटिश राजवटीतील अधिकारी हर्बर्ट रिस्ले नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड सिद्ध करू पाहत होते, त्या खटाटोपाचा पाया त्यामुळे उरत नाही. आपल्या विषयाचे जुने मराठी नाव ‘मानववंशशास्त्र’ असे होते आणि कित्येक ठिकाणी ते अजून आहे. मी स्वतः ‘मानवशास्त्र’ लिहितो.

मुंबईचे एक उदाहरण देतो. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या समाजांची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतली पुष्कळशी छायाचित्रे जोडकामाची आहेत: माणसे एका ठिकाणी उभी करून टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसऱ्याच छायाचित्रातून आणून चिकटवलेली. ‘या समाजाचा माणूस असा दिसतो आणि अशा जागी उभा असतो’ हे अगोदर ठरले होते, माणूस नंतर शोधला गेला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातील मुंबईच्या समाजांच्या मातीच्या छोट्या मूर्ती पाहतानाही हे ध्यानात असू द्या. कारागिरी डोळ्यांत भरते, आणि पगड्यांचे प्रकार समजायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही. पण पगडी खाली ठेवल्यावर तो माणूस कोण होता, हे मूर्ती सांगत नाही.

प्रश्न : मी वारली समाजाची आहे. कॉलेजच्या सहलीत एका संग्रहालयात आमच्या समाजाचा देखावा पाहिला. कुडाची झोपडी, लंगोटी नेसलेला पुतळा, चूल, तारपा हे वाद्य. पाटीवर लिहिले होते, ‘हे लोक निसर्गाच्या सान्निध्यात राहतात व भोळे असतात.’ मैत्रिणी माझ्याकडे बघून हसल्या. माझे वडील रिक्षा चालवतात, आई अंगणवाडीत आहे. हे खोटे आहे असे म्हणावे, तर तारपा आमच्या घरी आहे. मी कोणाकडे आणि कशी तक्रार करू?
(एक विद्यार्थिनी, पालघर जिल्हा)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘खोटे म्हणावे, तर तारपा आमच्या घरी आहे’ या वाक्यात तुम्ही जे पकडले आहे, ते मांडायला मानवशास्त्राला बरीच दशके लागली. देखाव्यातली एकेक वस्तू खरी असते आणि तरी सगळा देखावा मिळून खोटा होतो. याचे कारण पाटीच्या क्रियापदात आहे. ‘राहतात’, ‘असतात’, ‘नाचतात’. राजांच्या दालनात सन असतो, सनावळी असते, लढाई आणि तह असतो. आदिवासींच्या दालनात फक्त चालू वर्तमानकाळ असतो, ज्यात कधीच काही घडत नाही. पालघर-डहाणू भागातल्या वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, हे महाराष्ट्राच्या इतिहासातले ठळक प्रकरण आहे. तो उठाव त्या झोपडीत कुठेच दिसत नाही, कारण भोळ्या माणसाने उठाव केला हे पाटीला परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट नावांची. संग्रहालयात वारली चित्र असले तर खाली बहुधा ‘वारली चित्र’ एवढेच लिहिलेले असते. तैलचित्राखाली चित्रकाराचे नाव नसेल तर आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो, आणि येथे मात्र ती रीत ठरते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही रीत मोडली. १९८९ साली पॅरिसच्या पोम्पिदू केंद्रातील मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम त्यांच्या नावाने होते आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र, लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे मात्र आपल्याकडे नाहीत. तुमच्या आजीला विचारलेत तर दोन-चार नावे अजून मिळतील.

वेगळ्या पद्धतीने काम झालेली ठिकाणे आपल्या देशात आहेत. भोपाळमध्ये १९८२ साली भारत भवन सुरू झाले, तेव्हा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी कलाकारांची चित्रे आणि शहरी आधुनिक चित्रकारांची चित्रे एकाच छताखाली, सारख्याच मानाने लावली. पाटणगडचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम तेथूनच पुढे आले. याच शहरात शामला टेकडीवर सुमारे दोनशे एकरांत इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. तिथली आदिवासी घरे त्या त्या समाजाच्या माणसांनी येऊन बांधली आहेत. शेजारचे मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय २०१३ साली उघडले आणि तेही आदिवासी कलाकारांच्या हातांनी घडले. ही दोन्ही ठिकाणे अवश्य पाहा. मात्र अशा सुंदर संग्रहालयांची एक मर्यादा असते: लग्न, देव आणि झाड जितके ठळक होतात, तितके धरण, खाण आणि सातबारा पुसट होत जातात. गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात तेजगढ येथे आदिवासी अकादमीने ‘वाचा’ नावाचे संग्रहालय उभारले आहे. स्वतःला ते वस्तूंपेक्षा आवाजाचे संग्रहालय म्हणवते. अकादमीमागची ‘भाषा’ ही संस्था गणेश देवी यांनी सुरू केली, आणि आदिवासींच्या भाषा त्यांच्याच तोंडून नोंदवणे हे तिचे मूळ काम.

तक्रारीविषयी. संग्रहालयाच्या अभिरक्षकांच्या नावे लेखी पत्र पाठवा. पाटीचे छायाचित्र जोडा आणि त्या वाक्याच्या जागी कोणते वाक्य हवे ते स्वतः लिहून द्या. ‘भावना दुखावल्या’ असे लिहू नका. ते वाचायची कार्यालयांना इतकी सवय झाली आहे की पत्र सरळ फाइलला लागते. ‘माहिती चुकीची आहे’ असे लिहा, कारण ती चुकीचीच आहे. तुमच्या पत्राची एक प्रत आम्हालाही पाठवलीत तर पुढच्या एखाद्या अंकात त्या नव्या वाक्यावर बोलता येईल.

प्रश्न : हे सगळे अतीच चालले आहे, असे मला वाटते. आज पाट्या बदला म्हणतात, उद्या वस्तू परत द्या म्हणतील, परवा संग्रहालये ओस पडतील. आणि आपली वाघनखे परत आणताना आपण तरी कोणाला विचारले?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी ओस पडण्याविषयी. ब्रिटिश म्युझियमच्या स्वतःच्याच सांगण्यानुसार त्याच्या संग्रहात किमान ऐंशी लाख वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक टक्का एका वेळी मांडलेल्या असतात. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांना आपण गेली कित्येक वर्षे न पाहताच राहिलो आहोत, आणि संग्रहालय ओस पडल्याचे कोणाला जाणवलेले नाही.

बेनिनच्या कांस्यशिल्पांचे प्रकरण पाहा. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिन शहर जाळले आणि राजवाड्यातून हजारो वस्तू नेल्या. त्यांतल्या नऊशेहून अधिक ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि १९६३ च्या कायद्यामुळे ते संग्रहालय आपल्या संग्रहातील वस्तू सहसा देऊन टाकू शकत नाही. लंडनच्याच हॉर्निमन संग्रहालयावर असे बंधन नव्हते. त्याने २०२२ साली ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. अमेरिकेतील स्मिथसोनियनने त्याच वर्षी २९ शिल्पे दिली, आणि जर्मनीने हजाराहून अधिक वस्तूंच्या हस्तांतरणाचा करार करून डिसेंबरमध्ये पहिली वीस पाठवली. बर्लिनमध्ये काही शिल्पे आजही पाहता येतात. त्यांच्या मालकाचे नाव तेवढे बदलले आहे.

आपल्या शंकेला मी उडवून लावत नाही, कारण खरी अडचण पुढेच आहे. वस्तू ‘समाजाला’ द्यायची, तर समाज म्हणजे कोण? २०२३ साली नायजेरियाच्या अध्यक्षांनी या शिल्पांची मालकी बेनिनच्या राजाची, म्हणजे ओबाची, असल्याचे जाहीर केले आणि सार्वजनिक संग्रहालयाच्या आशेवर वस्तू देणारे युरोपीय बुचकळ्यात पडले. दुसरीकडे, गुलाम म्हणून अमेरिकेत विकल्या गेलेल्यांचे काही वंशज न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, बेनिनच्या राजांनी माणसे विकून पितळेची कडी मिळवली, ती वितळवून ही शिल्पे घडली, तेव्हा त्यांवर आमचाही हक्क आहे. त्यांना न्यायालयात यश आले नाही, पण हा युक्तिवाद मला विसरता येत नाही. एका काचपेटीवर तीन समाजांचा दावा असेल, तर तिन्ही दावे पाटीवर लिहिणे एवढे तरी संग्रहालयाला करता येतेच.

वाघनखे ‘परत’ आलेली नाहीत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या बोलीवर पाठवली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ती मांडली गेली. तुमच्या मुद्द्यासाठी त्यांच्या पेटीवरचा मजकूर पाहण्याजोगा आहे. ही वाघनखे ईडनच्या जेम्स ग्रँट डफ यांना साताऱ्याचे रेसिडेंट असताना मिळाली, असे सांगताना ती पेटी म्हणते की, यांनीच शिवाजीने ‘मोगल सेनापती’ला मारले. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता हे आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. आपल्या इतिहासाची पाटी दुसऱ्याने लिहिली की विजापूरची दिल्ली होते. ही वाघनखे तीच आहेत याचा पडताळा करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःही सांगते, आणि त्याबद्दल त्याला दाद द्यायला हवी. ती चुकीची पाटी वाचून आपल्याला जे वाटते, ते पालघरच्या मुलीला वाटले तर त्याला ‘अती’ म्हणू नये, एवढीच विनंती.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या वाड्यात छोटे संग्रहालय आहे. तलवारी, चांदीची भांडी, पैठण्या, पालखी. आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी ते सांभाळतो. यात फक्त वाड्याचाच इतिहास आहे, गावाचा नाही, असे आता जाणवते. पैसे नाहीत, नव्या वस्तू नाहीत. काही करता येईल का?
(एक कार्यकर्ता, सातारा जिल्हा)

उत्तर : येईल, आणि त्यासाठी बाल्टिमोरचे उदाहरण सांगतो. फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताला १९९२ साली मेरीलँडच्या इतिहाससंस्थेने आपला संग्रह हवा तसा मांडायची मोकळीक दिली. त्यांनी बाहेरून काही आणले नाही; गोदाम उघडले. चांदीच्या नक्षीदार सुरया आणि पेले जेथे मांडलेले असत, त्या काचपेटीत त्यांच्यामध्येच त्यांनी गुलामांच्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि पाटी लिहिली, ‘धातुकाम, १७९३ ते १८८०’. दुसऱ्या दालनात उंची खुर्च्या अर्धवर्तुळात लावल्या आणि त्यांच्यासमोर फटके मारण्याचा खांब उभा केला. पाटी होती ‘सुतारकाम’. पाटीतला एकही शब्द खोटा नव्हता. बेड्या आणि खांब संस्थेच्या मालकीचेच होते, ते त्या खुर्च्यांशेजारी कधी आले नव्हते, इतकेच.

तुमच्या वाड्यातही गोदाम असेल. चाबूक, मापे, खुंटे, जुनी जाती, देणेकऱ्यांच्या वह्या. ती पालखी दालनाच्या मध्यभागी असणार. तिच्या दांड्याखाली खांदा लावणारे भोई कोणत्या घरांतले होते, हे गावात अजून सांगता येते. वतनाचे कागद असतील तर त्यांत बलुतेदारांची नावे निघतील. रात्री घुंगुरकाठी घेऊन वेशीची राखण करणारा महार वेसकर गावाच्या कारभारात किती महत्त्वाचा होता, आणि त्याला वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत येता येई, या दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर लिहा. ती पायरी तुमच्याकडे आहे. तिला काचपेटी लागत नाही.

वस्तू नाहीत असे म्हणता, तर वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडेही सुरुवातीला एकसुद्धा नव्हती. कायदा २००३ साली झाला, आणि तेथील मंडळींनी गावोगाव जाऊन लोकांना माळ्यावरच्या पेट्या उघडायला लावल्या. लोकांनी आजीच्या शाली, जुनी छायाचित्रे, बायबले आणून दिली. २०१६ साली संग्रहालय उघडले तेव्हा तेथे हजारो वस्तू होत्या. आपल्याकडे नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट आणि टंकलेखनयंत्र जपले गेले, तेही कार्यकर्त्यांनीच.

एक सावधगिरी बाळगा. लोकांकडून वस्तू घेताना ती देणगी आहे की ठेव, हे लिहून घ्या आणि देणाऱ्याला पावती द्या. वस्तू केव्हाही परत मागता येईल हे त्याच पावतीवर छापा. प्रत्येक पाटीखाली, ती ज्याने लिहिली त्याचे नाव आणि वर्ष घाला, म्हणजे वीस वर्षांनी ती बदलणाऱ्याला कोणाशी भांडायचे ते कळेल. पाट्यांचे कच्चे मसुदे मला पाठवलेत तर पाहून देईन. मात्र त्याआधी ते भोयांच्या आणि वेसकरांच्या घरी जाऊन वाचून दाखवा, आणि ती मंडळी काय म्हणाली ते समासात लिहून मगच पाठवा.